आधी निरीक्षण, मग अनुमान

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येक वक्त्याला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की आपल्या कामातलं असं काही सांगायचं, जे बाकीच्यांना घरी नेता येईल. डॉक्टर मंडळींचं बरं आहे. त्यांनी साखर आणि रक्तदाब म्हटलं की सगळे सरसावून बसतात, आपलं वयच तसं झालंय. मी इंजिनिअरिंगनंतर आजवर सॉफ्टवेअरमध्येच आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर नवनवीन प्रोग्रॅम लिहितो. खरं म्हणजे माझा निम्म्याहून जास्त वेळ एकाच प्रश्नात जातो: काल चालत होतं, ते आज का चालत नाही? तर आज त्याबद्दलच बोलते, आणि उदाहरणाला एकच यंत्र घेते. घाटकोपरच्या एका घरातला, सुटे भाग आणून जोडलेला संगणक, ज्यावर ॲपलची मॅकओएस चालवली जात होती.

संगणकाचं नाव काढल्यावर ज्यांनी मोबाइल बाहेर काढला, त्यांनी पाच मिनिटं कळ काढा. यात गणपती आहे, लग्न आहे आणि शेवटी आपली प्रयोगवहीसुद्धा आहे.

आपण मुलुंड, भांडुप, घाटकोपरची मुलं. ज्यांच्या घरी २००० च्या आसपास पहिला संगणक आला, त्यांच्याकडे तो बहुधा असेंबल केलेलाच आला. ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडला जायचं. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. चार दुकानांत भाव विचारायचे, एकाकडे मदरबोर्ड, दुसऱ्याकडे रॅम, तिसऱ्याकडे कॅबिनेट, आणि मग मॉनिटरचं खोकं सांभाळत दादरला गाडी बदलून घरी यायचं. ब्रँडेड घेण्याइतके पैसे नसायचे हे खरं. पण त्या निमित्ताने यंत्राच्या पोटात काय असतं ते आपण पाहिलं, हेही खरं.

अशा यंत्रावर विंडोज चालायची. मॅकओएस चालण्याचा प्रश्नच नव्हता, कारण १९९४ पासून मॅकमध्ये पॉवरपीसी या वेगळ्याच जातीचे प्रोसेसर असायचे. मग ६ जून २००५ ला स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केलं की मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. म्हणजे मॅकच्या पोटात आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या डब्यात आता एकाच जातीचा प्रोसेसर. हौशी लोकांनी जगभर खटपट सुरू केली आणि त्यातून जे यंत्र जन्माला आलं त्याला हॅकिन्टॉश म्हणू लागले. हॅक अधिक मॅकिन्टॉश, हॅकिन्टॉश. संधी नियमात बसते की नाही ते मराठीच्या बाईंनी नंतर सांगावं.

हे चालतं कसं? मॅकओएस सुरू होताना आपण खऱ्या मॅकवरच आहोत ना, हे पाहून घेते. खऱ्या इंटेल मॅकमध्ये तापमान, पंखे वगैरे सांभाळणारी एक खास चिप असते, ती आहे का बघते. आपल्या डब्यात ती नसते. म्हणून मॅकओएस सुरू होण्याआधी मध्ये एक छोटा प्रोग्रॅम उभा करतात. पूर्वी क्लोव्हर नावाचा होता, पुढे बहुतेकांनी ओपनकोअर घेतला. त्याचं काम दुभाष्याचं. खालच्या यंत्राची माहिती तो मॅकओएसला समजेल अशा रूपात देतो आणि नसलेल्या चिपच्या वतीने उत्तरं देतो. म्हणजे तीन मजले झाले. तळमजल्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम. मधल्या मजल्यावर दुभाष्या. वरच्या मजल्यावर मॅकओएस. हे तीन मजले लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कायद्याचंही एका दमात सांगून टाकते, कारण इथे दोन वकील बसले आहेत. मॅकओएसच्या परवान्यात ती फक्त ॲपलच्या यंत्रावर बसवायची, असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये अशी तयार यंत्रं विकायला काढली. ॲपल कोर्टात गेली, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. तेव्हा हे भाषण म्हणजे असं यंत्र बनवायचा सल्ला नाही. पण ज्याला कोणतंही सर्व्हिस सेंटर हात लावणार नाही, ज्याची वॉरंटी कुणाकडे नाही, असं यंत्र बंद पडतं तेव्हा बिघाड शोधण्याची खरी परीक्षा होते. म्हणून हे उदाहरण घेतलं.

यंत्र माझ्या मोठ्या नणंदेचं. त्यांना मी ताई म्हणते. ताई अंधेरीच्या एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग शिकल्या आणि पुढे घरूनच लग्न, मुंज, अरंगेत्रम, शाळांची स्नेहसंमेलनं यांच्या फिल्म करू लागल्या. हात बसला होता फायनल कट प्रो या सॉफ्टवेअरवर, आणि ते तेव्हा मॅकशिवाय चालत नव्हतं. २०१८ मध्ये त्यांच्या मुलाने, तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता, हे यंत्र जोडून दिलं. इंटेलचा आय फाइव्ह ८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड. कार्ड त्याने हुशारीने निवडलं, कारण त्याच वर्षी आलेल्या मॅकओएस मोहावेपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना ड्रायव्हरच मिळेनासे झाले. ज्यांनी ती घेतली होती त्यांना जुन्या आवृत्तीवर थांबावं लागलं. २०२० मध्ये भाच्याने क्लोव्हर काढून ओपनकोअर बसवलं. त्याच यंत्रात दुसऱ्या डिस्कवर विंडोज होती, ताईंच्या यजमानांच्या हिशेबांसाठी. यंत्राने सात वर्षं तक्रार केली नाही. दरम्यान भाचा जर्मनीला गेला.

गेल्या गणपतीत घरची सगळी मंडळी गुहागरकडे गावी गेली. निघताना आपण सगळेच करतो तसं गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. सात दिवसांनी परत आले. ताईंनी यंत्र चालू केलं. ॲपलचं चिन्ह आलं आणि तिथेच थांबलं. खाली जी रेघ भरत जाते, ती उमटलीच नाही. बंद-चालू केलं, तेच. विंडोज मात्र झकास चालू.

आता अडलं काय होतं ते ऐका. त्या डिस्कवर मे महिन्यातलं डोंबिवलीचं एक लग्न होतं. नवरीच्या आजोबांनी स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, माइक न घेता. जूनमध्ये आजोबा गेले. मुलीची आई दर आठवड्याला फोन करायची, घाई नाही हो, फक्त तेवढा भाग झाला की कळवा. मूळ चित्रीकरणाची कार्डं पुढच्या कार्यासाठी पुसून वापरली गेली होती. म्हणजे आजोबांचा आवाज होता तो फक्त त्या एका डिस्कवर.

ताईंनी ओळखीतल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटं बघितलं आणि निकाल दिला: विंडोज चालते म्हणजे हार्डवेअर ठीक आहे, तुमची मॅक करप्ट झाली, फॉरमॅट मारून देतो. तो माणूस वाईट नव्हता. त्याला जे औषध माहीत होतं ते त्याने सांगितलं. ताईंनी मला फोन केला, "अगं, तो पुसून टाकायचं म्हणतोय. पुसू देऊ का?" मी म्हटलं, "ताई, कशालाही हात लावू नका. प्लग काढा आणि मी येईपर्यंत त्याला चहा द्या."

इथून पुढे प्रयोगवही सुरू होते. आठवतेय ना? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपल्या विज्ञानाच्या बाई एका गोष्टीवर कधी तडजोड करायच्या नाहीत. निरीक्षणाच्या जागी कुणी अनुमान लिहिलं की लाल शाईने अख्खं पान आडवं. "तुला काय वाटलं ते नंतर. आधी काय दिसलं ते लिही." इतक्या वर्षांच्या नोकरीत मला याहून कामाचं वाक्य कुणी शिकवलेलं नाही. कारण बघा, "मॅक करप्ट झाली" हे अनुमान आहे. निरीक्षण एवढंच की चिन्ह येतं आणि रेघ येत नाही.

पहिली कृती बिघाड शोधण्याची नव्हती, वाचवण्याची होती. कॅबिनेट उघडून ती डिस्क काढली, यूएसबीच्या डब्यात घातली आणि माझ्या मॅकबुकला लावली. डिस्क उघडली. आजोबा होते. रात्रभर सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवत ठेवलं. इथे एक धोका सांगून ठेवते. मॅकच्या पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, आणि कधीकधी विंडोज अगदी सभ्यपणे विचारते की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. तिथे "हो" म्हणू नका. तिला वाचता येत नाही याचा अर्थ डिस्क कोरी आहे असा होत नाही. आपल्याला मोडी वाचता येत नाही म्हणून आजोबांचे दस्तऐवज आपण रद्दीत देत नाही, तसंच.

नक्कल झाली आणि ताईंच्या घरातली हवाच बदलली. घाबरलेल्या माणसाच्या हातून बिघाड वाढतो, हे मी ऑफिसात पुष्कळदा पाहिलंय. परतीची वाट पक्की झाली की डोकं चालायला लागतं.

दुसरी कृती, प्रश्न विचारणं. शेवटचं नीट कधी चालत होतं? गावी जायच्या आदल्या रात्री. तेव्हापासून काय बदललं? सगळे म्हणाले, काहीच नाही, यंत्राला तर कुणी शिवलंही नाही. अपडेट झालं का? नाही, भाच्याने ते बंद ठेवलं होतं. नवीन काही जोडलं का? नाही. "काहीच बदललं नाही" हे उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहिलं, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

तिसरी कृती, तीन मजले वेगळे करून पाहणं. डिस्क माझ्या मॅकबुकवर वाचता आली, म्हणजे निदान डिस्क तरी शाबूत. विंडोज चालते, म्हणजे प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठा ढोबळमानाने ठीक. मधला मजला तपासायला ताईंच्या खणात भाच्याचा जुना पेनड्राइव्ह सापडला. त्यावर ओपनकोअरची २०२० ची चालू प्रत होती. त्यावरून सुरू करून पाहिलं. तिथेच अडलं. दुभाष्या बदलूनही गाडी त्याच ठिकाणी थांबते, तर दोष दुभाष्याचा असण्याची शक्यता कमी.

चौथी कृती सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित: यंत्र काय म्हणतंय ते वाचणं. मॅकओएसला सुरू होताना चिन्हाऐवजी सगळ्या ओळी पडद्यावर दाखवायला सांगता येतं. ओळी भराभर येतात आणि शेवटच्या ओळीवर थांबतात. ती शेवटची ओळ होती "एक्झिटबीएस स्टार्ट" अशी. तिचा अर्थ ढोबळपणे असा की बायोसने आवराआवर करून सूत्रं मॅकओएसच्या गाभ्याकडे द्यायची वेळ आली आहे. त्या ओळीचा फोटो दुरुस्तीवाल्यानेही काढला होता, ताईंनीही काढून भाच्याला पाठवला होता. पण त्या शब्दांच्या पुढे, त्याच ओळीत, एक तारीख असते. यंत्राच्या स्वतःच्या घड्याळातली. आणि ती तारीख होती १ जानेवारी २०१८.

मी ताईंना विचारलं, "आज तारीख काय?" त्या म्हणाल्या, "सप्टेंबर सुरू झाला ना गं." मग आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत बसलो.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, काही मनगटी घड्याळांत आणि गाडीच्या किल्लीत असतो तसा. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि अनेक बोर्डांवर बायोसची आपण केलेली मांडणी लक्षात ठेवणं, हे त्याचं काम. पण भिंतीवरचं बटण चालू असेल, तर संगणक बंद दिसला तरी आतल्या वीजपुरवठ्यातून पाच व्होल्टची बारीक धार बोर्डला मिळत राहते आणि सेलवर ताण येत नाही. ताईंच्या घरी ते बटण वर्षानुवर्षं बंद झालंच नव्हतं. सेल कधीच संपला असणार, पण कळायला मार्ग नव्हता. सात दिवस मेन स्विच बंद राहिला आणि बायोस सगळं विसरून कारखान्यातून आला तसा झाला. "यंत्राला कुणी शिवलं नाही" हे खरं होतं. वीज मात्र पहिल्यांदाच पूर्ण गेली होती. वहीतल्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मेन स्विचपाशी होतं.

मग विंडोज कशी चालली? दोन कारणं. तिला बायोसची ती खास मांडणी लागत नाही. आणि घड्याळ ती इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त करून घेते, त्यामुळे चुकलेली तारीख तिथे कुणाच्या नजरेस आली नाही. म्हणजे जिच्या चालण्यावरून सगळ्यांनी हार्डवेअर ठीक ठरवलं, तीच खूण झाकत होती.

अजून पान संपलं नव्हतं. सेल काढून मीटरवर मोजला तर दीड व्होल्टच्याही खाली. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांचा नवा आणला. भाच्याने जर्मनीहून २०२० मध्ये काढलेले बायोसचे फोटो पाठवले. आजच्या मांडणीशी ताडून पाहिलं तर तीन ठिकाणी फरक. तिन्ही एकदम बदलता आले असते आणि यंत्र सुरूही झालं असतं. पण मग नेमकं काय अडलं होतं ते कळलं नसतं. म्हणून एक बदलला, सुरू करून पाहिलं, लिहिलं. दुसरा बदलला, पाहिलं, लिहिलं. तिसरा बदलला आणि ती रेघ भरत गेली.

त्या तिसऱ्या गोष्टीचं नाव सीएफजी लॉक. प्रोसेसरमध्ये वीजवापराशी संबंधित एक कप्पा असतो. बायोस त्याला कुलूप लावू शकतं, आणि पुष्कळ बोर्डांवर ते मुळात लावलेलंच असतं. मॅकओएसचा गाभा उठल्या उठल्या त्या कप्प्यात लिहायला जातो. खऱ्या मॅकमध्ये तो उघडा असतो. इथे कुलूप दिसलं की तो जागीच कोसळतो, पडद्यावर तक्रार लिहायलाही वेळ मिळत नाही. ओपनकोअरमध्ये या कुलपावर उपाय आहे, पण भाच्याने बायोसमध्येच कुलूप काढल्यामुळे त्याने तो वापरला नव्हता, आणि ते योग्यच होतं.

मग मी मुद्दाम कुलूप परत लावलं. यंत्र अडलं. काढलं, चालू झालं. ताई म्हणाल्या, "चाललंय ना, आता कशाला छळतेस त्याला?" पण हा पडताळा झाल्याशिवाय अनुमान लिहायचं नसतं. आपल्या बाईंनी सही दिली नसती.

आठ दिवसांनी डोंबिवलीला फिल्म गेली. आजोबांच्या मंगलाष्टकांवर ताईंनी मागे संगीत घातलं नाही. आवाज जसा होता तसा ठेवला, मध्ये एकदा दम लागून थांबले तेही ठेवलं.

कुणाकडे अजून असं यंत्र असेल तर चार गोष्टी भराभर सांगते. मोठं अपडेट आलं की लगेच घेऊ नका. आधी ओपनकोअर आणि त्याच्या सोबतचे छोटे प्रोग्रॅम नवे करा, ते आधी पेनड्राइव्हवर चालवून पाहा आणि मगच डिस्कवर न्या. यूएसबीची काही भोकं चालत नसतील किंवा यंत्र झोपवल्यावर लगेच जागं होत असेल, तर ती मोजा. मॅकओएस एका नियंत्रकामागे पंधराच धरते, आणि यूएसबी थ्रीचं एक भोक दोन म्हणून मोजलं जातं. पावसाळ्यानंतर यंत्र उठलंच नाही, नुसत्या शिट्ट्या वाजवत राहिलं, तर प्लग काढून रॅमची पट्टी उतरवा आणि तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलके पुसा. आपल्या उपनगरातल्या दमट हवेत या उपायाने पुष्कळ यंत्रं उठवली आहेत. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. आणि घड्याळ मागे पडू लागलं तर सेल बदला. बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा.

पण खरं सांगायचं तर या यंत्रांचे दिवस संपत आले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरचे पहिले मॅक आणले. जून २०२५ मध्ये जाहीर केलं की मॅकओएस २६, टाहो, ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती. पुढची मॅकओएस ज्या प्रोसेसरसाठी लिहिली जाईल, तो लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. वीस वर्षं दोन्हीकडे एक भाषा होती म्हणून दुभाष्याचं भागलं. आता भाषाच वेगळी झाली.

म्हणून यंत्र सुरू झाल्यावर ताईंशी मी दुसरं बोलणं काढलं. दुरुस्त झालं म्हणजे त्यावर भरवसा ठेवावा असं नाही. ज्या दोरीवर घर चालतं ती दोरी, गाठ मारणारा माणूस परदेशात असताना, किती ओढायची? २०१८ मध्ये भाच्याचा हिशेब बरोबर होता. २०२४ च्या शेवटी आलेल्या मॅक मिनीची किंमत आपल्याकडे ५९,९०० रुपयांपासून सुरू झाली, तेव्हा तो हिशेब पालटला. ताईंना पटायला वेळ लागला. पैशांचा प्रश्न होताच, पण त्याहून जास्त हे, की मुलाने केलेलं होतं. दिवाळीनंतर त्यांनी मॅक मिनी घेतला. जुना डबा काढला नाही, हिशेबांसाठी विंडोजवर तो चालू आहे. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: सेल कधी बदलला, बायोसमध्ये काय काय ठेवायचं, आणि तिसऱ्या ओळीत सीएफजी लॉक बंद. अक्षर ताईंचं आहे.

नव्या यंत्राचंही ऐकून ठेवा. त्यात रॅम प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, ती उतरवून खोडरबराने पुसायची सोय नाही. बिघडलं तर उघडून बघण्यासारखं फारसं काही नाही. तिथे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, दुसरी प्रत. म्हणून ताईंच्या नव्या नियमात कार्ड पुसायच्या आधी चित्रीकरण दोन डिस्कवर जातं, आणि त्यातली एक डिस्क मुलुंडला माझ्या कपाटात असते.

आता घरी न्यायचं ते सांगते आणि थांबते. आपल्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी मला निरोप येतो: लॅपटॉप चालत नाही, काय करू? बंधूंनो आणि भगिनींनो, "चालत नाही" हे निरीक्षण नाही. पडद्यावर काय दिसलं, शेवटची ओळ काय, शेवटचं नीट कधी चाललं, मधल्या काळात घरात काय काय झालं, यंत्राला शिवला नसलात तरीही, हे चार ओळींत लिहा. निम्म्या वेळा लिहिता लिहिता उत्तर तुम्हालाच सापडेल आणि मला फोन करावा लागणार नाही. उरलेल्या निम्म्या वेळा मी आहेच.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. आईवडिलांचे आवाज, मुलांची लहानपणची चित्रणं, आजच्या मेळाव्याचे फोटो, जे एकाच फोनवर किंवा एकाच डिस्कवर असेल ते शोधा आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. हे काम इंजिनिअरचं नाही, कुणालाही जमतं.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. ताईंच्या घरी त्या रात्री मी ज्या कागदावर सगळं लिहीत होते, त्यावर उभी रेघ मारून डावीकडे निरीक्षण आणि उजवीकडे अनुमान असं लिहिलं होतं. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे पेन जात नाही, ही सवय तुमची. तो कागद मी आज सोबत आणलाय. जेवणाच्या वेळी घेऊन येते, तुमची सही हवी आहे.